डेअरीपर्यंतचा उतार

जानेवारीतल्या एका सकाळी वसुधाताई चहाचा कप घेऊन खिडकीत उभ्या होत्या. जर्मनीत, स्टुटगार्टच्या त्सुफेनहाउझेन भागातल्या त्या शांत गल्लीत रात्रभर बर्फ पडलं होतं आणि खाली घरमालकीण फ्राऊ फोग्लर फावड्याने फूटपाथ मोकळा करत होत्या. बाई नव्वदीला टेकलेल्या. सत्यजित दर वेळी म्हणायचा की उद्यापासून बर्फ मी काढणार, आणि दर वेळी तो बूट घालेपर्यंत बाईंचं काम उरकलेलं असायचं.

वसुधाताई सत्यजितची आई. सांगलीच्या मुलींच्या शाळेत त्यांनी सगळी नोकरी पीटीच्या बाई म्हणून काढली होती, आणि त्याआधी महाराष्ट्राच्या संघातून खो-खो खेळल्या होत्या. यजमान गेल्यावर मुलगा आणि सून त्यांना आग्रहाने इकडे घेऊन आले. सत्यजित गाड्यांच्या कंपनीत इंजिनिअर, मुक्ता एका संशोधन संस्थेत. दोघं सकाळी बाहेर पडली की ताईंना दिवस खायला उठायचा. मग त्या खिडकीत उभ्या राहून येणाऱ्याजाणाऱ्यांची चाल बघायच्या. कोण पाय ओढतो, कोण टाचेवर चालतो, कुणाचा खांदा पडलाय. जन्माची सवय, ती काही सुटत नाही.

आज त्यांची नजर फोग्लरबाईंच्या गुडघ्यांवर खिळली. फावडं मारताना बाई कमरेतून वाकत नव्हत्या. गुडघे मऊ ठेवून खाली बसत होत्या आणि अंगाचा भार एका पायावरून दुसऱ्यावर असा सरकवत होत्या की पाय निसरडं ओळखायच्या आतच सावरलेले असत.

"मुक्ता, ही बाई खेळलेली आहे," ताई म्हणाल्या.

"अहो आई, त्या तर कारखान्यात गाड्यांच्या सीटा शिवायच्या," मुक्ता डबा भरता भरता म्हणाली.

"शिवल्या असतील. पण त्याआधी खेळल्यात."

ताईंनी स्वेटरवर सत्यजितचं जाकीट चढवलं, जिन्याखालचं दुसरं फावडं उचललं आणि त्या बाहेर गेल्या. दोघी मिळून बर्फ सारू लागल्या. मग ताईंनी शाळेतल्या इंग्रजीत सरळ विचारलं, की तुम्ही काय खेळायचात. फोग्लरबाईंनी फावडं थांबवून त्यांना खालपासून वर न्याहाळलं.

"स्की. डाउनहिल," त्या म्हणाल्या. "आणि तुम्ही?"

आता खो-खो इंग्रजीत कसा सांगायचा? ताई तिथेच फूटपाथवर उकिडव्या बसल्या, पाठीवर थाप पडल्यासारखं दाखवलं आणि उसळून चार पावलं पळाल्या. सहासष्टाव्या वर्षीसुद्धा उठताना त्यांनी जमिनीला हात लावला नाही, हे फोग्लरबाईंनी बरोबर टिपलं. "गेनाऊ, अगदी बरोबर," त्या म्हणाल्या, आणि ताईंना कॉफीला आत घेऊन गेल्या.

स्वयंपाकघरात चांदीचा मुलामा दिलेला एक भला मोठा कप होता आणि त्यात कांदे ठेवलेले होते. कॉफी ज्या किटलीतून आली तिच्या तोटीचा टवका उडालेला. ताईंनी कपाकडे बघितलं तसं बाईंनी सांगितलं, की हा कप प्रादेशिक विजेतेपदाचा, आणि ही किटली त्याआधीच्या वर्षाची. त्या शर्यतीत पुरुषांना मनगटी घड्याळ होतं आणि बायकांना कॉफीचा सेट. घड्याळ जिंकलेल्याचं घड्याळ कधीच बंद पडलं, कॉफी मात्र अजून रोज होते.

त्यांचं नाव क्रेसेंत्स, पण गावात सगळे त्सेन्त्सी म्हणत. गाव इथून दक्षिणेला, आल्गॉयच्या डोंगरात, ऑस्ट्रियाच्या हद्दीजवळ. वडील गावच्या डेअरीत चीज बनवायचे. ताईंना डेअरी म्हटल्यावर सांगलीकडची कॅन घेऊन उभी राहिलेली रांग आठवली, आणि फारसं चुकलंही नव्हतं. वरच्या वाड्यांवरचं दूध सकाळी खाली यायचं, हिवाळ्यात बर्फावरून.

त्सेन्त्सी नुकती शाळेत जायला लागली होती तेव्हा युद्ध सुरू होतं. रशियाच्या आघाडीवरल्या सैनिकांसाठी घरोघरच्या स्की जमा करण्याचा हुकूम आला. वडिलांची, मोठ्या भावाची, सगळ्यांची जोडी गेली. पोरीने दिवसभर रडून घर डोक्यावर घेतलं. तेव्हा वडिलांनी गाड्या बनवणाऱ्या सुताराकडून अ‍ॅशच्या लाकडाच्या दोन बुटक्या फळ्या तासून घेतल्या आणि त्या डेअरीच्या तळघरात, चीजच्या चाकांमागे लपवून ठेवल्या.

"माझ्या पहिल्या स्कींना चीजचा वास यायचा," बाई हसत म्हणाल्या. "उतारावर कुत्री मागे लागायची."

युद्ध संपल्यावर वरच्या वाडीवरचं दूध आणायचं काम तिच्याकडे आलं. पाठीला कॅन बांधायचा आणि कुरणांवरून थेट डेअरीच्या भिंतीपर्यंत यायचं. दूध हिंदकळता कामा नये. एकदा मस्ती करत, उड्या मारत आली तर वडिलांनी झाकण उघडून आत बघितलं आणि शांतपणे विचारलं, की मी दूध मागवलं होतं, लोणी कुणी मागितलं? तेव्हापासून ती गुडघे मऊ ठेवायला शिकली. पुढे मोठमोठ्या प्रशिक्षकांनी तिला जे सांगितलं, त्यात तिला नवीन काही वाटलंच नाही.

आईने सैनिकी घोंगडीची तिला तुमान शिवून दिली. चर्चच्या पाद्रीबाबांना मुलीची तुमान खटकली. त्सेन्त्सीच्या आईने त्यांना विचारलं, की पोरगी डोक्यावर आपटल्यावर झगा कुठे जातो हे तुम्हाला बघायचंय का.

गावच्या शर्यतीत मुलींचा गटच नव्हता. फार मागे लागल्यावर तिला मुलांच्यात सोडलं, आणि ती तिसरी आली. पण फळ्यावर निकाल लागला त्यात तिचं नावच नव्हतं. चौथा आलेला मुलगा तिसरा झाला होता. वडील तिला घेऊन घरी आले. संध्याकाळी जेवायच्या टेबलावर त्यांनी चीजचं एक अख्खं लहान चाक तिच्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, "तिसऱ्या क्रमांकाचं बक्षीस." मग वाडपी असल्यासारखे बाजूला उभे राहिले, तिने पहिला तुकडा कापेपर्यंत.

त्या दिवसानंतर ताई रोज अकराच्या सुमाराला खाली जाऊ लागल्या. बाईंच्या तोंडी त्यांचं नाव 'वाझुदा' झालं.

एके दिवशी बाई फणफणत होत्या. गावाहून भाच्याचा, क्साफरचा फोन आला होता. गावच्या स्की क्लबला शंभर वर्षं होणार, फेब्रुवारीत जुन्या लाकडी स्कींवरची, जुन्या कपड्यांतली गमतीची शर्यत ठेवलीय, आणि आत्याने मानाची पाहुणी म्हणून यावं, असं त्याचं म्हणणं. खाली अंतिम रेषेजवळ खुर्ची टाकू, पायावर घोंगडी घालू, हातात गरम वाइन देऊ.

"खुर्चीत बसवून वर घोंगडी घालणार," त्या म्हणाल्या. "मी काय थंडीत झाकून ठेवायचं बटाट्यांचं पोतं आहे? आल्झो, ठरलं, मी शर्यतीत उतरणार. तुम्ही मला तयार करा."

ताई लगेच हो म्हणाल्या नाहीत. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर बाईंनी स्कीला पाय लावला नव्हता, आणि त्याला दहा वर्षं होऊन गेली होती. ताईंनी त्यांना एका पायावर उभं केलं, मग दुसऱ्या. बुटक्या स्टुलावरून हात न लावता उठायला लावलं. बाई उठल्या, पण तिसऱ्या वेळी मांड्या थरथरल्या. ताईंनी तीन अटी घातल्या. आधी डॉक्टरांना विचारायचं, रोज व्यायाम करायचा, आणि मी नाही म्हटलं तर नाही. बाईंनी तिन्ही कबूल केल्या.

डॉक्टरांनी तपासून सांगितलं, की उतार सौम्य असेल आणि पाय तयार झाले तर माझी हरकत नाही, पण तयारी कोण करून घेणार? बाईंनी ऐटीत सांगितलं, भारताच्या राष्ट्रीय संघातल्या प्रशिक्षक. बाहेर आल्यावर ताईंनी त्यांना सुनावलं, की राष्ट्रीय नाही, महाराष्ट्राच्या, आणि तेही खेळाडू म्हणून. बाई म्हणाल्या, डॉक्टरांचा भूगोल कच्चा आहे, त्यांना कशाला त्रास द्यायचा.

सत्यजितला कळलं तेव्हा त्याने कपाळाला हात लावला.

"आई, त्या पडल्या तर? फेरझिषरुंगवाले आधी तुझं नाव विचारतील."

"विचारू देत. पडायचं कसं हेच मी त्यांना आधी शिकवणार आहे."

विम्याच्या लोकांना काय सांगायचं याचा सत्यजितने दोन दिवस विचार केला आणि तिसऱ्या दिवशी पाहुण्यांसाठी ठेवलेली जुनी गादी स्वतःच तळघरात नेऊन टाकली.

तळघरातल्या कपडे धुवायच्या खोलीत शाळा भरली. एकीकडे मशीन घरघरतंय, दोरीवर मोजे वाळतायत आणि ताई शिटीशिवाय शिटीसारख्या आवाजात मोजतायत. भिंतीला पाठ लावून बसल्यासारखं राहायचं. काठीवरून आडवं पाऊल टाकायचं. गादीवर कुशीवर पडायचं, हात आखडून घ्यायचे, हनुवटी छातीला. पहिल्यांदा पडल्यावर बाई गादीवरच पडून राहिल्या आणि खूप वेळ हसत सुटल्या. इतक्या वर्षांत मुद्दाम कधी पडलेच नव्हते, म्हणाल्या.

दोन व्यायामांच्या मधे, पाणी पिता पिता, त्यांचं बाकीचं आयुष्य ताईंना कळत गेलं.

पन्नासच्या दशकात जर्मन खेळाडूंना परदेशी शर्यती पुन्हा खुल्या झाल्या तेव्हा त्सेन्त्सी सोळा-सतरा वर्षांची होती. आगगाडीतल्या लाकडी बाकांवर बसून, खांद्यावर स्की घेऊन मुली निघायच्या. हेल्मेट नव्हतं, डोक्याला रुमाल बांधायचा. बूट चामड्याच्या लांब वाद्यांनी स्कीला करकचून बांधलेले. पडलं की स्कीबरोबर पायही पिरगळणार. शर्यतीच्या आदल्या दिवशी सगळ्या देशांच्या मुली एका ओळीत आडव्या उभ्या राहून पायांनी उतार तुडवत वर चढायच्या, म्हणजे बर्फ घट्ट बसायचं. उद्या जिला हरवायचं तिच्याच दंडात दंड घालून. सगळ्यांत मजा त्या तुडवण्यात यायची, बाई म्हणाल्या. शर्यत तर पापणी लवेपर्यंत संपायची.

जिंकल्या त्या शर्यती आपल्याच भागातल्या. मोठ्या आंतरराष्ट्रीय शर्यतींत त्या कधी बाराव्या, कधी विसाव्या. ऑस्ट्रियातल्या एका नावाजलेल्या शर्यतीला त्यांना राखीव म्हणून नेलं होतं. सकाळी धुकं होतं. राखीव मुलीने स्पर्धेआधी एकदा खाली उतरून वाट उघडून द्यायची, अशी रीत. त्या उताराची वेळ कुणी नोंदवत नाही.

"घड्याळवाला तोवर सँडविच खात होता," बाई म्हणाल्या. "आणि मी निघाले. मधे झाडांच्या जवळून एक चिंचोळी जागा होती. सरावात मी तिथे दर वेळी घाबरून वेग कमी करायचे. त्या दिवशी केला नाही. का, ते मला माहीत नाही. झाडं आली आणि मागे गेली. वाझुदा, मी पक्षी नव्हते, बाण नव्हते, काही नव्हते. मी फक्त गुडघे होते."

खाली पोचल्या तेव्हा प्रेक्षक आलेले नव्हते. चहाचं पातेलं ढवळणाऱ्या एका माणसाने विचारलं, शर्यत सुरू झाली का? त्या म्हणाल्या, नाही अजून. त्या माणसाने त्यांना चहा दिला, आणि त्या एकट्याच हसत तो प्यायल्या. संध्याकाळी जिंकलेली मुलगी त्या चिंचोळ्या जागेबद्दल तक्रार करत होती. त्सेन्त्सी गप्प राहिली. आयुष्यातली सर्वांत चांगली शर्यत आपल्या एकटीच्या मालकीची आहे, याचं तिला तेव्हाही वाईट वाटलं नाही.

ताईंनी पाण्याचा ग्लास पुन्हा भरून दिला. सांगलीच्या मैदानावर सरावाच्या एका संध्याकाळी त्या अशाच पळाल्या होत्या, कुणीही बघत नसताना, आणि पाठलाग करणारीला शेवटपर्यंत सापडल्या नव्हत्या.

पुढच्या हिवाळ्यात त्सेन्त्सीची नडगी मोडली. हाड जुळलं, पण संघात जागा राहिली नाही. मग एका अमेरिकन हॉटेलवाल्याने तिला पाहुण्यांना स्की शिकवायला अमेरिकेला नेलं. दोन हिवाळे तिकडे राहून ती पाहुण्यांकडून इंग्रजी शिकली आणि गावी परतली. तिथे स्टुटगार्टहून कामगारांची एक सहल आली होती. त्यातल्या ऑयगेन नावाच्या कारागिराला स्कीवर उभंसुद्धा राहता येईना. तो इतक्या वेळा तिच्या अंगावर येऊन पडला की शेवटी तिनेच विचारलं, तुम्ही हे मुद्दाम करता का. तो म्हणाला, पहिल्या दोन वेळा नाही.

लग्न करून ती त्सुफेनहाउझेनला आली, जिथे डोंगर म्हणजे द्राक्षमळे. कारखान्यात सीटांचं चामडं शिवलं, रविवारी कामगारांच्या पोरांना बसने बर्फात नेऊन स्की शिकवली. मूलबाळ झालं नाही. ऑयगेनबरोबर पन्नासहून जास्त वर्षं मजेत गेली. तो शेवटपर्यंत स्कीवर पडतच राहिला.

असं करता करता फेब्रुवारी आला. एका शुक्रवारी व्यायाम संपल्यावर बाईंनी सफरचंदाच्या रसाचे दोन पेले भरले आणि गंभीरपणे उभ्या राहिल्या. आजपासून आपण एकमेकींना 'दू' म्हणायचं, म्हणजे अगं-तुगं, असं त्यांनी जाहीर केलं. वयाने मोठ्या माणसानेच हा प्रस्ताव ठेवायचा असतो. ताईंनी आठवण करून दिली, की आपण इंग्रजीत बोलतो आणि इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द आहे. बाई म्हणाल्या, तरीही. हातात हात अडकवून दोघी रस प्यायल्या. पण नव्वदीच्या बाईला अगं म्हणणं ताईंच्या जिभेला झेपणारं नव्हतं. त्यांनी मधला मार्ग काढला आणि त्सेन्त्सीताई म्हणायला सुरुवात केली. शेवटचा 'ताई' कशासाठी, हे समजल्यावर बाई आणखीनच खूश झाल्या.

शर्यतीच्या दिवशी सत्यजितने गाडी काढली. मुक्ताने थर्मास आणि मेथीचे ठेपले बरोबर घेतले. गावात पोचल्यावर क्साफर समोर आला. साठीचा, लाल गालांचा, घाबरलेला. त्याने खुर्ची आणि घोंगडी तयार ठेवलीच होती. त्सेन्त्सीताईंनी घोंगडी उचलून सत्यजितच्या खांद्यावर टाकली, कारण तोच कुडकुडत होता.

उतार फार नव्हता. लहान मुलं शिकतात तसा रुंद, खाली सौम्य होत जाणारा. जुन्या टोप्या आणि लोकरी तुमानी घातलेले लोक लाकडी स्कींवरून एकामागून एक खाली येत होते, बरेचसे पडत होते, आणि बँड वाजत होता. त्सेन्त्सीताईंच्या स्की क्साफरने स्वतः घासून तयार केल्या होत्या. पाय मुरगळू नये म्हणून बूटबंदही सैल ठेवले होते. ताई त्यांच्याबरोबर वर गेल्या. उभं राहिल्यावर त्यांचे खांदे ताठ झालेले ताईंना दिसले.

"खांदे सोडा," ताई हळूच म्हणाल्या. "आणि पडलात तर?"

"कुशीवर. हनुवटी आत."

"शाब्बास."

नाव पुकारलं गेलं आणि बँड थांबला. त्सेन्त्सीताई निघाल्या. पहिलं वळण जड गेलं, स्की किंचित फाकल्या. दुसऱ्या वळणाला भार बरोबर बाहेरच्या पायावर आला, गुडघे मऊ झाले, आणि तिसऱ्या वळणावर तर त्यांचं वय दिसेनासं झालं. वेग काही फार नव्हता. पण रेघ अशी गोल, अखंड, की गप्पा मारणारे लोकही वळून बघायला लागले. निशाणांमधून त्या अंतिम रेषेपार गेल्या, टाळ्यांचा कडकडाट झाला, क्साफर हात पसरून पुढे झाला.

आणि त्या थांबल्याच नाहीत.

क्साफरच्या हाताखालून, खुर्चीच्या बाजूने, कुंपणाच्या उघड्या फाटकातून त्या सरळ खालच्या कुरणात उतरल्या. क्साफर ओरडत मागे धावला. आणखी चारजण धावले. ताईही वरून निघाल्या होत्याच. त्यांनी बुटांच्या टाचा बर्फात रोवल्या, वाकल्या आणि पळाल्या, तशा कितीतरी वर्षांत पळाल्या नव्हत्या. अर्ध्या वाटेत त्यांनी क्साफरला मागे टाकलं. मुक्ता नंतर म्हणाली, आईंना असं पळताना मी कधी बघितलंच नव्हतं.

कुरणाच्या टोकाला जुनी दगडी इमारत होती. तिच्या भिंतीपाशी त्सेन्त्सीताईंनी एक नीटस वळण घेतलं आणि त्या उभ्या राहिल्या. गाल लाल, डोळ्यांत पाणी, डोक्यावरचा रुमाल मानेत.

"त्सेन्त्सीताई, काय झालं? थांबता आलं नाही का?" ताईंनी धापा टाकत विचारलं.

"थांबता येत होतं की," त्या म्हणाल्या. "पण खाली डेअरी दिसली."

क्साफर पोचला तेव्हा दोघी भिंतीला टेकून हसत होत्या. रागवायला म्हणून त्याने बोट उगारलं. शेवटी त्याने आत्याला मिठीच मारली आणि तोही हसायला लागला.

निकालात त्यांचं नाव होतं, सगळ्यांत शेवटी. आपल्या आधीचा गृहस्थ सत्तर वर्षांचा आणि चांगला वजनदार आहे हे बघून त्यांनी तक्रार केली, की उतारावर वजनाचा फायदा मिळतो, हे लिहायला हवं. भाग घेतलेल्या प्रत्येकाला चीजचा तुकडा मिळाला. संध्याकाळी गावच्या खानावळीत बँडबरोबर त्या एक अख्खं नृत्य नाचल्या, सत्यजितला धरून. त्याला पावलं येत नव्हती, म्हणून त्याने दोन्ही पायांवर उभं राहणं एवढंच केलं.

रात्री सगळे गावातच राहिले. सकाळी निघायच्या आधी त्सेन्त्सीताईंनी मुलांच्या उतारावर वसुधाताईंना स्कीवर उभं केलं. आता शिकवणं त्यांचं आणि पडणं यांचं. टोकं जवळ, टाचा लांब, नांगरासारखं, असं त्या सांगत होत्या. ताईंना पळता येत होतं, बसता येत होतं, उसळता येत होतं. नुसतं घसरत राहणं मात्र अंगाला माहीत नव्हतं. त्या पुष्कळ वेळा पडल्या, दर वेळी कुशीवर. शेजारून चार-पाच वर्षांची पोरं सुळकन निघून जात होती. शेवटी एकदा त्या विसेक हात सरळ गेल्या, स्वतःच्याच अंगावर विश्वास न बसल्यासारख्या, आणि तारेच्या जाळीला अलगद जाऊन टेकल्या.

"आई, चला, उशीर होतोय," सत्यजितने हाक मारली.

"आले रे, अजून एकदा," ताई म्हणाल्या, आणि जाळी धरून वळायला लागल्या.